वीट कोणाला द्यावी?



गेल्या पाच-सहा वर्षांत संसारी माणसाच्या जीवनात एक मोठी उलथापालथ झाली. पण तिचा विचार आमच्या कीर्तन-प्रवचनांतून व्हावा तितका झालेला नाही. महामारी आली, माणसे गेली, घरे उघडी पडली; त्या दुःखाविषयी पुष्कळ बोलून झाले. परंतु त्याच काळात नोकरी-चाकरी घराचा उंबरा ओलांडून आत आली आणि ओसरीवर, माजघरात, कित्येक ठिकाणी तर देवघराशेजारी ठाण मांडून बसली, ही गोष्ट आपण सवयीने पोटात घातली. तिने घराचे बरे केले की वाईट, आणि घरी बसून काम करणाऱ्या माणसाचा खरा धनी कोण, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आमच्या अल्प मतीप्रमाणे त्याचा विचार येथे मांडतो.

आम्ही राहतो ते बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले अगदी काठावरचे गाव. तुमसरहून सिहोऱ्यावरून येणारी सडक इथे महाराष्ट्राचा निरोप घेते, आणि बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. मुलूख धानाचा. सोयरीक पलीकडे आणि बाजार अलीकडे, असा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली, २५ तारखेपासून सबंध देशात टाळेबंदी लागली, आणि जी सीमा आम्हाला कधी डोळ्यांना दिसली नव्हती ती एकाएकी दिसू लागली.

त्या चैत्र-वैशाखात या मुलखात दोन प्रकारची माणसे आपापल्या घरी परतली. एक प्रकार डोक्यावर गाठोडे घेऊन उन्हातान्हात पायी चालणाऱ्या मजुरांचा. हैदराबाद, नागपूर, कोठून कोठून निघालेले. त्यांचे काम हाताचे, विटा-सिमेंटाचे. ते काम घरी नेता येत नव्हते, म्हणून काम सुटले आणि त्यासोबत भाकरीही सुटली. दुसरा प्रकार पाठीवर पिशवी आणि पिशवीत लॅपटॉप घेऊन आलेल्या पोरांचा. त्यांचे काम त्यांच्यासोबत आले. घरी बसून काम करण्याची चर्चा करताना ही पहिली माणसे विसरू नयेत, एवढ्यासाठी त्यांची आठवण आरंभीच केली. घरून काम हा सर्वांच्या वाट्याला आलेला योग नव्हे; ज्याच्या वाट्याला आला त्याने तो भाग्याचा समजूनच त्याचे गुणदोष पाहावेत.

आमच्या आळीतल्या एका घरी असा एक मुलगा पुण्याहून आला. सोबत बायको, तीही शिकलेली, तीही नोकरीवाली. सहा-सात वर्षांत दिवाळीचे चार दिवस सोडले तर तो कधी गावी राहिला नव्हता. म्हाताऱ्या बापाला आकाश ठेंगणे झाले. म्हातारीने कोनाड्यातली बरणी काढली. पण घरात नेट मिळेना. मग त्या मुलाने घरामागच्या सांदवाडीत कडुनिंबाखाली बाज टाकली, वर ताडपत्री बांधली आणि तिथे कचेरी मांडली. सकाळी नऊला बसला की रात्री नऊला उठायचा. मध्ये जेवणाचे ताटसुद्धा तिथेच.

महिना-दीड महिन्याने म्हातारा आमच्या ओसरीवर येऊन बसला. आम्ही म्हटले, "काय, आता आनंद आहे ना? पोरगा घरी आला." त्यावर तो म्हणाला, "पोरगा घरी हाये जी महाराज, पन घरात नाई. पयले पुन्याले रायत होता तवा इतवारी फोन करून अर्धा घंटा बोलत होता. आता बाजूलेच बसते, पन बोट वर करून थांब म्हन्ते."

वाचकहो, म्हाताऱ्याचे हे एक वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. घरी आहे, पण घरात नाही! शास्त्री-पंडित ज्याला विरोधाभास म्हणतात तो अलंकार या निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडून अलंकार म्हणून आला नव्हता. ते त्याच्या छातीतले शल्य होते.

आता आपल्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू.

पूर्वपक्षी म्हणतो, "महाराज, घरी बसून काम करणे हे काही नवे नाही, वाईट तर नाहीच. तुमचे संत तरी काय करीत होते? गोरोबाकाका घरच्या अंगणात माती तुडवीत होते. नरहरी सोनार आपल्या दुकानात सोने घडवीत होते. सावतोबांचा मळा हीच त्यांची पंढरी होती. जनाबाईंचे जाते तर घरातच फिरत होते. १ जुलै २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीला गेल्या, आणि तुम्ही सगळ्या वारकऱ्यांनी घरूनच वारी केली. देवाची चाकरी घरून चालते, तर सायबाची का चालू नये?"

हा पूर्वपक्ष बलवान आहे, आणि त्यातले जे खरे आहे ते आम्ही आधी मान्य करतो. घर आणि काम यांची ताटातूट हीच खरे म्हणजे अलीकडची. गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, तेव्हापासून माणूस सकाळी घर सोडून कामावर जाऊ लागला. त्याआधी कुंभाराचे चाक, सुताराचा रंधा, साळ्या-कोष्ट्याचा माग घरातच होता. आमच्या जिल्ह्यात आंधळगाव-मोहाडीकडे कोशाचे कापड घरच्या मागावर विणत आले, ते काही लपून नाही. शिवाय या घरून कामाने प्रत्यक्ष सुख दिले हेही नाकारू नये. २०२० च्या आषाढात कित्येक वर्षांनी काही पोरांनी पऱ्हे हातात धरले, सकाळी दोन घटका बांधीत उतरून रोवणीला हात लावला आणि मग अंग धुऊन कामाला बसले. पुण्याच्या खोलीचे भाडे वाचले. कोणाच्या आजारी आईला दवाखान्यात न्यायला माणूस मिळाला. कोणा बापाच्या अखेरच्या घटकेला मुलगा उशाशी होता. ज्या माउलीला लेकरू लहान म्हणून नोकरी सोडावी लागली असती तिची नोकरी टिकली. बाळंतपणाच्या रजेनंतर धन्याच्या संमतीने घरून काम करण्याची सोय २०१७ च्या कायद्याने दिलीच होती. महामारीने ती कागदावरून घरात आणली.

मग दोष कोठे? दोष घरी काम करण्यात नाही. दोष उंबरा बुजण्यात आहे.

आमच्या भागातलेच एक उदाहरण घ्या. तुमसर-गोंदियाच्या पट्ट्यातल्या कैक घरांनी पिढ्यान् पिढ्या घरी बसून बिडी वळली. ठेकेदार तेंदूपत्ता, तंबाखू आणि धागा देई. बाई तो पत्ता भिजवी, कातरीने पान कापी, तंबाखू भरून वळी, धागा बांधी. मजुरी हजारी. हजार झाल्या तर चूल. ही मजुरी घरची खरी, पण तिचे तास कोणते? तास नाहीतच. कार्डावर नाव एकीचे, आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात हात चालायचे सासूचे, नणदेचे, शाळेतून आलेल्या पोरीचे. सगळे घर तंबाखूने खोकायचे. कारखान्याला निदान भोंगा होता. या घराला भोंगाच नव्हता. १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला तेव्हा त्यात घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार म्हणून धरावे लागले, ते एवढ्यासाठीच. म्हणजे घरात शिरलेल्या कामाला वेस लागते, हे सरकारला अर्धशतकापूर्वी कळले होते. लॅपटॉपवाल्यांना ते २०२० नंतर कळले, इतकेच. बिडीवाली आणि संगणकवाला यांच्या मजुरीत जमीन-अस्मानाचे अंतर. पण दोघांच्या घराला भोंगा नाही, एवढ्यापुरते दोघे सख्खे भाऊबहीण.

आणि गोरोबाकाकांचे नाव पूर्वपक्ष्याने घेतले म्हणून सांगतो. ती कथा अर्धी सांगून चालत नाही. काका माती तुडवीत होते, तल्लीन होते, आणि रांगते लेकरू पायाखाली आले ते त्यांना कळले नाही. कीर्तनात हा प्रसंग सांगताना आजवर आम्ही तल्लीनतेचाच महिमा गाईला. पण टाळेबंदीत घराघरांतून पाहिल्यावर त्या कथेचे दुसरे अंग आम्हाला दिसले. घरात काम करणाऱ्याच्या पायाशी लेकरू असते, हे त्या कथेत आहे. काका नामात रंगले होते, आणि त्यांचे लेकरू देवाने परत दिले, असे कथा सांगते. आपण कशात रंगलो आहोत? पडद्यावरच्या आकड्यांत! आणि "बाबा, हे पाहा" म्हणून चित्र घेऊन आलेल्या पोराला चारदा "थांब" म्हटले, तर ते पाचव्यांदा येत नाही. त्याचे ते वय कोणता देव परत देणार? त्यातून त्या काळात पोरांची शाळाही घरातच बसली होती. खेड्यांतले पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला उघडले आणि दुसरी लाट आल्यावर पुन्हा बंद झाले. एका घरात एक मोबाईल. त्यावर बापाची कचेरी की लेकराची शाळा, यावरून किती घरांत कुरबुर झाली ते ज्याचे त्याला ठाऊक.

आता सिद्धांताकडे वळू. आमचा सिद्धांत नवा नाही. तो पंढरीत युगे युगे उभा आहे.

पुंडलीकाची कथा लहान पोरालाही पाठ आहे. हाच पुंडलीक आधी आईबापांना विचारीत नव्हता; मग त्याचे डोळे उघडले आणि तो त्यांच्या सेवेला लागला. देव त्याला भेटायला दारी आला, तेव्हा तो आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने काय केले? सेवा सोडून धावला नाही. देवाला "चालता हो" असेही म्हणाला नाही. हाताशी होती ती वीट दिली आणि उभे राहायला सांगितले. देव उभा राहिला.

या एका कृतीत तीन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या हाताखाली या घटकेला कोण आहे, हे त्याने ओळखले. दुसरी, आलेल्याचा अव्हेर केला नाही. त्याला मानाची, कोरडी, ठराविक जागा दिली. तिसरी, थांबायला कोणी लावायचे आणि कोणाला लावायचे नाही, याचा निवाडा त्याने केला. जो समर्थ आहे तो थांबू शकतो. जो दुबळा आहे, म्हातारा आहे, लहान आहे, त्याला थांबवणे हे पाप. देव समर्थ होता, म्हणून त्याला वीट. आईबाप थकलेले होते, म्हणून त्यांना हात.

आमच्या आळीतल्या त्या घरी याच्या नेमके उलटे झाले. बापाला वीट, आणि सायबाला हात.

कोणी म्हणेल, "महाराज, काम हाच देव आहे, असे थोरामोठ्यांनी सांगितले आहे ना?" बरे, काम हाच देव, आम्ही क्षणभर तेही मान्य करतो. पण बाबा, देव झाला म्हणून काय झाले? पुंडलीकाने खुद्द देवालाच थांबवले होते. वीट असते ती देवासाठीच. तेव्हा काम देव असेल तर त्याच न्यायाने त्याला विटेवर उभे राहता आले पाहिजे. विटेवर उभे राहायला जे तयार नाही, जे थेट माजघरात शिरून बाजेवर लोळते, ते दैवत नव्हे, आगंतुक आहे.

हे सांगायला आम्ही मोकळे झालो, पण आमचा अधिकार काय, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर दुसऱ्याच्या पोराच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणे सोपे आहे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत सप्ताह बंद, देवळे बंद. कीर्तनकाराचे पोट आणि मन दोन्ही उपाशी. आमच्या नातवाने तोड काढली. माजघरात भिंतीशी पायली उपडी घातली, तिच्यावर मोबाईल टेकवला आणि म्हणाला, "आबा, घरूनच कीर्तन करा." मृदंगी आपल्या घरी, टाळकरी आपल्या घरी. त्यांचा ठेका आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत अर्धी मात्रा निघून जाई, म्हणून शेवटी त्यांना गप्प बसवून एकट्यानेच वीणा घेऊन उभे राहिलो. समोर माणूस नाही, मान डोलत नाही, डोळा ओला होत नाही. नुसते एक काळे भिंग. तरी सवयीने रंग भरला. आख्यान लावले होते पुंडलीकाचे.

आख्यान ऐन भरात असताना आमची आई उंबऱ्याशी आली. वय नव्वदीकडे झुकलेले, काठीवर चालणे. तिने हाक मारली. आम्ही देवाने वीट पायाखाली घेतल्याचे वर्णन करीत होतो. तोंड न थांबवता आम्ही तिला हाताने खूण केली, थांब. ती उंबऱ्यावर बसली. कीर्तन आणखी पाऊण तास चालले. आरती झाली, नातवाने मोबाईल बंद केला, तेव्हा ती म्हणाली, "झालं का रे बाबू तुह्या पुंडलिकाचं? मंग जरा पानी दे."

वाचकहो, तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तिला खरेच तहान लागली होती आणि घरातल्या बाया शेतावर गेल्या होत्या. आम्ही पाणी दिले. पण वेद-शास्त्रे पढलेला, चाळीस वर्षे तेच आख्यान सांगत आलेला हा देह त्या घटकेला पुंडलीकाच्या नेमका उलट्या जागी उभा होता. त्याच पावसाळ्यात ती गेली. करोनाने नव्हे, वयाने. पुढे पुष्कळ पाणी पाजले तिला, सेवा केली. पण तो पाऊण तास वजा होत नाही. म्हणून आज जे लिहितो ते उपदेश म्हणून नव्हे, तर त्या उंबऱ्यापाशी बसून लिहितो आहोत, असे समजावे.

आता दुसरा पूर्वपक्ष, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. तो मुलगाच आमच्याशी बोलला तो असा : "महाराज, पुंडलीकाला पगार नव्हता, घराच्या कर्जाचा हप्ता नव्हता. मी सायबाला थांब म्हटले तर उद्या माझ्या जागी दुसरा बसेल. टाळेबंदीत आजूबाजूच्या किती जणांच्या नोकऱ्या गेल्या! मी घरी बसून आराम करत नाही हे दाखवायला मला दुप्पट काम करावे लागते."

याला 'वैराग्य धर' असे उत्तर देणे हा दांभिकपणा होईल. तो खरे बोलत होता. चाकर हा अर्धाच स्वतंत्र असतो. पुंडलीकाच्या कथेत देवाचाही एक गुण आहे, तो आपण विसरतो. देव थांबला! रागावला नाही, निघून गेला नाही. भक्ताने वीट दिली हे जितके मोठे, तितकेच देवाने ती पायाखाली घेतली हे मोठे. तेव्हा ज्यांच्या हाती दुसऱ्याचे काम आणि पगार आहे, त्यांचाही धर्म या कथेत सांगितला आहे. जो धनी थांबत नाही तो देवाहून मोठा झाला की काय?

हे केवळ आमच्यासारख्या हरदासाचे म्हणणे नाही. राज्यकर्त्यांनीही यात लक्ष घातले. फ्रान्स देशात २०१७ च्या आरंभापासून कामाच्या वेळेनंतर कचेरीच्या निरोपांपासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्यात आला. पोर्तुगालने २०२१ मध्ये वेळेबाहेर कामगाराला त्रास न देण्याचे बंधन धन्यावर घातले. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये असाच कायदा केला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही, म्हणून २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये हिशेब दिला की, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक. म्हणजे विश्रांती हा आळस नव्हे, तो देहाचा हक्क आहे. देह गेला तर हप्ता कोण भरणार आणि वारी कोण करणार?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही, आणि ती आम्हा पुरुषांना लागणारी आहे. त्या घरात मुलगाही काम करी आणि सूनही. पण मुलाची बाज निंबाखाली होती आणि सुनेचा लॅपटॉप चुलीच्या खोलीत, डाळीच्या डब्यावर. मुलगा कामाला बसला की घर म्हणे, हळू बोला. सून कामाला बसली की घर म्हणे, घरीच तर आहे, जरा भाजी टाक. दोघांचा पगार जवळपास सारखा. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली, तेव्हा घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करताना आढळली, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. मध्ये महामारी येऊन गेली, पुरुष महिनोन् महिने घरात बसले. नंतर २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची २८९ मिनिटे, पुरुषाची ८८. म्हणजे बाईचे दहा मिनिटांनी हलके झाले, पण पुरुषाने उचलले म्हणून नव्हे, त्याचेही घटलेच! घरात राहून पुरुष घराचा झाला नाही, याला आणखी पुरावा कशाला? जनाबाईंसोबत देव दळू लागला, ही कथा आम्ही डोळे मिटून ऐकतो. देवाला जात्याला हात लावायची लाज वाटली नाही. आपल्याला कुकर लावायची वाटते!

मग करावे काय? आमच्या न्यायशास्त्रात देहलीदीपन्याय म्हणून एक दृष्टांत आहे. देहली म्हणजे उंबरा. उंबऱ्यावर दिवा ठेवला तर त्याचा उजेड आतही पडतो, बाहेरही पडतो. तोच दिवा आत नेऊन ठेवला तर अंगण अंधारते. बाहेर नेला तर घर अंधारते. घरी काम करणाऱ्याने हा न्याय ध्यानात धरावा. दिवा उंबऱ्यावरच हवा, आणि त्यासाठी आधी उंबरा हवा. कचेरी दूर होती तेव्हा रस्ता हाच उंबरा होता. बस, लोकल, सायकल यांत जाणारा वेळ माणूस शिव्या देत घालवी. पण त्या वेळात तो चाकराचा बाप होत असे. तो रस्ता गेला. आता उंबरा आपणच घालायचा आहे.

त्यासाठी चार साध्या गोष्टी सुचवतो. कामाला घरात एक जागा द्यावी, मग ती कोपरा का असेना. तीच त्याची वीट. जेवायच्या आणि निजायच्या जागी त्याला येऊ देऊ नये. दिवेलागणीला मोबाईल बाजूला ठेवून सगळ्यांनी निदान अर्धी घटका एकत्र बसावे. कोणी हरिपाठ म्हणावा, कोणी नुसते ऐकावे, पण "थांब" हा शब्द त्या वेळी घरात उच्चारू नये. घरच्यांनीही समजून घ्यावे. नांगराला हात घातलेल्या माणसाला आपण बांधावरून दर घटकेला हाक मारीत नाही. तसेच पडद्यापुढे बसलेल्याचे आहे. घरी दिसतो म्हणून तो रिकामा नाही, आणि घरी दिसते म्हणून सून तर मुळीच रिकामी नाही. शेवटची गोष्ट म्हाताऱ्या-कोताऱ्यांची नि लेकरांची. त्यांनी हाक मारली, तर निदान एकदा मान वळवून पाहावे. पुष्कळ वेळा त्यांना पाण्याचा गडवा हवा असतो, दुसरे काही नाही. दोन मिनिटांचे काम असते.

काळ पुढे गेला. १० जुलै २०२२ च्या आषाढीला पालख्या पुन्हा पायी पंढरीला पोहोचल्या. कचेऱ्याही उघडल्या. टाटा कन्सल्टन्सीसारख्या थोर कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत चारांतल्या एकानेच कचेरीत बसले तरी भागेल. त्याच कंपनीने २०२३ मध्ये लोकांना परत बोलावले. कोठे दोन दिवस घर नि तीन दिवस कचेरी, असा मधला मार्ग निघाला. आमच्या आळीतला तो मुलगाही २०२३ मध्ये पुण्याला गेला. जाण्याच्या आदल्या सांजेला त्याने निंबाखालची बाज उचलून ओसरीवर टाकली आणि बापासोबत बसला. काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही. पण म्हातारा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काल पोरगा घरी होता जी."

तीन वर्षे मुलगा गावात राहिला आणि बापाच्या हिशेबी एक सांज घरी होता! यावरून एवढे कळते की, घरात असणे म्हणजे छपराखाली असणे नव्हे. पुण्यातून आठवड्याला अर्धा तास मन लावून बोलणारा मुलगा घरात असू शकतो, आणि सांदवाडीत बारा तास बसणारा परदेशी असू शकतो. काम कोठे बसून करावे हा प्रश्न धनी सोडवतील, सरकार सोडवील. आज एक, उद्या दुसरे सांगतील. परंतु आपण कोणाला थांबवायचे आणि कोणासाठी उठायचे, हा निवाडा ज्याचा त्याने करायचा आहे. तो दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.

वीट एकच आहे, आणि ती आपल्या हातात आहे. समर्थाला ती द्यावी. दुबळ्याला हात द्यावा.

इत्यलम्. रामकृष्णहरि.